शाईची सुई

“सहाण दे जरा,” हे म्हणाले.

“कोणती सहाण?”

“घरात किती सहाणा आहेत? देवघरातली.”

“ती देवाची आहे.”

“देवाला परत देतो की. सुई घासायची आहे.”

मी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिले. माझ्या त्या पाहण्याने कन्याशाळेचे सारे पटांगण एका क्षणात गप्प होत असे. माझ्या यजमानांवर त्याचा परिणाम लग्नानंतरचे पहिले वर्षभर काय तो झाला असेल. ते शांतपणे जेवणाच्या टेबलावर जुने वर्तमानपत्र अंथरत होते. अंथरत होते म्हणजे, तसा प्रयत्न करत होते. कागदाचा कोपरा त्यांच्या बोटांत थरथरत होता आणि त्याची फडफड स्वयंपाकघरापर्यंत ऐकू जात होती.

माझ्या अमृतमहोत्सवी सत्काराच्या आदल्या दिवसाची ही गोष्ट आहे. गडहिंग्लजच्या कन्याशाळेत मी मुख्याध्यापिका म्हणून हयात घालवली. हे मुलांच्या शाळेत चित्रकला शिकवत. रंगराव साळोखे हे नाव आईवडिलांनी ठेवले तेव्हा मुलगा ड्रॉइंग मास्तर होईल असे त्यांना वाटले नसावे. पण गावाने त्या नावाचा पुरेपूर वापर करून घेतला. देवळाच्या पाट्या, नाटकांचे पडदे आणि मुख्य म्हणजे मानपत्रे. पंचक्रोशीत कोणाचाही सत्कार असो, बदली झालेला अधिकारी असो, निवडून आलेला पुढारी असो की गदा जिंकून आलेला पैलवान, त्याचे मानपत्र आमच्या जेवणाच्या टेबलावर लिहिले जाई.

आधी हे बोरूने लिहीत. मग त्यांच्या एका विद्यार्थ्याने परदेशातून तिरप्या निबेचे एक पेन आणून दिले. त्यात दौतीतून शाई ओढायची सोय नव्हती. करंगळीच्या दोन पेरांएवढी प्लास्टिकची नळी, तिला कार्ट्रिज म्हणत, शाईने भरलेली मिळायची. ती पेनात बसवायची आणि संपली की फेकून द्यायची. सोबत आलेल्या नळ्या संपल्या. त्या मापाच्या नळ्या ना कोल्हापुरात मिळाल्या ना बेळगावात. शिवाय वापरून फेकण्याची रीत आमच्या घरात नव्हती. मग यांनी औषधाच्या दुकानातून इंजेक्शनची सिरिंज आणली, जाड सुई आणली, सुईचे टोक घासून बोथट केले, आणि रिकाम्या नळीत दौतीतली शाई भरू लागले. टोक तसेच ठेवले तर ते बोट फोडते आणि नळी आतून खरवडते, असे ते सांगत. ही सगळी हत्यारे पत्र्याच्या एका डब्यात असत. त्या डब्याला हात लावायची घरात कोणालाही मुभा नव्हती; मलाही नाही. माझ्या घरात माझ्या हुकमाबाहेरची अशी ती एकच वस्तू.

पुढे यांना कंपवात झाला. आधी उजव्या हाताचा अंगठा, मग पंजा, मग दोन्ही हात. एके दिवशी यांनी डबा स्वतःच कपाटाच्या वरच्या खणात ठेवला, आणि त्याविषयी घरात कोणी बोलले नाही.

सत्कार समितीची मंडळी घरी आली तेव्हा हे कोपऱ्यात बशीतून चहा पीत होते. मानपत्राचा विषय निघाला, तोच हे म्हणाले, “ते मी लिहिणार.” सगळ्यांनी यांच्या हातातल्या बशीकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले, आणि माना डोलावल्या.

तर त्या दिवशी डबा खाली आला होता. जुनी सिरिंज आटलेल्या शाईने जाम झाली होती, म्हणून नवी आणली होती; नवी म्हणून तिची सुईही घासायची होती.

“सहाण मिळायची नाही,” मी म्हणाले. “पाटा घ्या.”

“पाटा खरखरीत असतो. त्यावर टोक झिजत नाही, फाटतं.”

“शैलजाने चटणी वाटून वाटून गुळगुळीत केला आहे तो.”

“इतकी वर्षं सहाणेवरच घासतोय मी.”

“काय?” मी विचारले.

हे सुई उजेडात धरून निरखू लागले. एका मुख्याध्यापिकेच्या घरात, तिच्या देवघरातली सहाण कित्येक वर्षे परस्पर वापरली जात होती, ही बातमी मला तेव्हा कळली. शैलजा, माझी सून, तोंडाला पदर लावून पाटा आणायला निघून गेली.

हे पाट्यावर सुई घासू लागले. हात हलतच होता. सुई आपोआप पुढेमागे होत होती.

“बघ,” हे म्हणाले, “घासकामाला कंपवात बरा. मेहनत नको.”

“पुरे झाला चावटपणा.”

सुयांशी माझे पहिल्यापासून वैर. लहानपणी अंगणात गोंदणारीण आली असता मी तिच्या मनगटाला चावून पळाले होते. माझ्या वडिलांनी हसून तो विषय सोडून दिला. माझ्या सासूबाईंनी मात्र सोडला नाही. माप ओलांडून मी घरात आले, तोच त्यांनी उंबऱ्यातच माझे दोन्ही हात धरले, उलटेपालटे करून पाहिले आणि वऱ्हाडासमोर म्हणाल्या, “आगं बया, पोर कोरीच आणली की! बाई वर जाती तवा सोनं सगळं काढून घेत्यात. गोंदण तेवढं संगं जातं. ही काय घेऊन जाणार?” त्यावर नवरदेव म्हणाले, “आई, मी काढीन की तिच्या हातावर. ड्रॉइंग मास्तर कशाला झालोय?” मंडळी हसली. मला तो विनोद मुळीच आवडला नव्हता, आणि तसे मी पहिल्याच एकांतात स्पष्ट सांगितले होते.

दुपारी हेमलता चौगुले आली. माझी जुनी विद्यार्थिनी, सत्कार समितीची चिटणीस, स्वतः दोन नातवंडांची आजी. सहावीत असताना मी तिला एकदा वर्गाबाहेर उभे केले होते. तेव्हापासून ती माझ्यासमोर खुर्चीत बसत नाही.

“बैस.”

“नको बाई, उभीच बरी.”

“मग उभ्याने काय ते बोल.”

तिने आतल्या दाराकडे पाहिले आणि आवाज खाली आणला. “सर लिहायला बसले का?”

“बसतायत.”

“बाई, रागावू नका. उद्या सकाळी कार्यक्रम. पाहुणे एवढ्या लांबून यायचेत. आम्ही एक मानपत्र छापून घेतलंय. चौकटबिकट करून. जवळ असू द्यावं म्हणून. सरांचं झालं तर सरांचंच देऊ, देवाशपथ. पण सरांचं जर...”

“जर काय?”

“सरांनी रात्रभर जीव काढायचा आणि सकाळी सगळ्यांसमोर... तसं नको व्हायला, बाई. तुम्ही सांगा ना त्यांना. तुमचं ऐकतात ते.”

“माझं सगळेच ऐकतात,” मी म्हणाले. “सांगते.”

घंटा झाल्यावर मुली सुटतात तशी ती सुटली. मी क्षणभर तशीच बसून वाक्य जुळवले. शाळा तपासायला आलेल्या अधिकाऱ्यांपुढे बोलण्याआधीही मी असेच वाक्य जुळवत असे. ‘अहो, समितीने मानपत्राची व्यवस्था केली आहे, आपण हाताला शीण देऊ नये.’ साधे, सरळ वाक्य. ते घेऊन मी आत गेले.

टेबलाजवळ शैलजा हातात टॉवेल घेऊन उभी होती. वर्तमानपत्रावर शाईचे शिंतोडे उडाले होते. यांनी नेहमीप्रमाणे नळी दोऱ्याच्या लाकडी रिळाच्या भोकात उभी केली होती. भरताना ती आडवी होऊ नये म्हणून ही त्यांची जुनी युक्ती. शाईने भरलेली सिरिंज उजव्या हातात होती, आणि त्या हाताचे मनगट त्यांनी डाव्या हाताने घट्ट धरले होते. सुई नळीच्या तोंडाभोवती फिरत होती. लाकडावर आपटत होती. टक. टक टक. तोंड सापडत नव्हते.

“आबा, मी भरू का?” शैलजाने विचारले. “पूर्वी पाहिलंय मी तुम्हाला भरताना.”

“नको पोरी. शाई दुसऱ्यानं भरली की अक्षर परकं होतं.”

“द्या इकडे,” मी म्हणाले.

“नको.”

“अहो, पण...”

“नको म्हटलं ना.”

ते माझ्याशी त्या सुरात कधी बोलत नसत. मी जुळवून आणलेले वाक्य तोंडातच राहिले.

सुई पुन्हा खाली आली. हाताला एक हिसका बसला, रीळ कलंडले, नळी घरंगळत टेबलाच्या कडेला गेली आणि शाईचा एक लांबट ओघळ वर्तमानपत्रातून झिरपत टेबलावर उतरला. यांनी सिरिंज खाली ठेवली. उजवा हात मांडीवर घेऊन डाव्या हाताने तो दाबून धरला. आजारी मूल तळमळू लागले की आपण ते जसे मांडीवर धरतो, तसा.

हाच माणूस फळ्यावर खडूने एका दमात वर्तुळ काढी. मुले नंतर दोरी लावून ते तपासत, आणि वर्तुळ कधी खोटे ठरत नसे.

मला हुकूम देता येतो. उभे राहा, गप्प बसा, पुन्हा लिहून आणा. त्या टेबलासमोर उभी राहून मी माझे सगळे हुकूम मनात चाळून पाहिले. त्या हाताला सांगता येईल असा एकही त्यात नव्हता. आणि दुसरे काही करणे मला कधी शिकावेच लागले नव्हते.

“तू धर,” हे एकाएकी म्हणाले.

“काय?”

“नळी. नळी तू धर, भरतो मी. धरणं म्हणजे काही भरणं नव्हे.” स्वतःच केलेल्या कायद्यातून त्यांनी स्वतःच ही पळवाट काढली होती.

मी समोरची खुर्ची ओढून बसले. डाव्या हाताच्या अंगठ्यात आणि तर्जनीत ती नळी उभी धरली. यांनी सिरिंज दोन्ही हातांनी उचलली.

“हलू नकोस हं.”

“मी नाही हलत,” मी म्हणाले.

हे हसले. शैलजाही हसली. त्या दुपारी आम्ही हसलो ते तेवढेच.

सुई पहिल्यांदा उतरली ती माझ्या तर्जनीवर. पाट्यावर टोक खरोखरच फाटले होते. बोथट होण्याऐवजी त्याला बारीक कंगोरे आले होते. गांधीलमाशी चावावी तशी कळ खांद्यापर्यंत गेली.

“लागलं का?”

“कशाने लागेल? बोथट आहे की सुई.”

मी ‘आई गं’ म्हटले असते तर ती सिरिंज त्याच क्षणी डब्यात गेली असती आणि पुन्हा कधी बाहेर निघाली नसती. सुई पुन्हा आली. या वेळी अंगठ्याच्या पेरावर. मग पुन्हा तर्जनीवर, आधीच्या जागेच्या अगदी शेजारी. सुईच्या तोंडाशी शाईचा थेंब लोंबत होता. प्रत्येक वेळी तो सांडून बोटांवरून ओघळत होता, आणि त्या निळ्याकाळ्या ओघळात रक्त निघाले असेल तर ते कोणाला दिसत नव्हते. शैलजाला मात्र दिसले. तिने तोंड उघडले. मी तिच्याकडे चष्म्यावरून पाहिले. तिने तोंड मिटले.

पुढे कितीदा टोचली ते मी मोजले नाही. मी फक्त हलले नाही.

अखेर सुई नळीच्या तोंडात उतरली. आत गेल्यावर नळीच्या भिंतीच तिला आधार देऊ लागल्या. यांनी श्वास रोखला. सुई तळाला टेकवली, हळूहळू दट्ट्या दाबला, आणि शाई जसजशी चढेल तसतशी सुई वर घेत गेले. नाहीतर मध्ये हवेचा बुडबुडा राहतो. बुडबुडा राहिला नाही. नळी काठोकाठ भरली.

“भरली,” हे म्हणाले. विहीर खणणाऱ्याला पाणी लागावे तसा तो आवाज होता.

नळी पेनात बसवताना तेवढी माझी बोटे त्यांनी चालवून घेतली. मग जाड, किंचित पिवळसर कागद समोर ओढला. मानपत्राची सुरुवात ते नेहमी वर मधोमध ‘श्री’ काढून करत. त्यांचा ‘श्री’ गावात प्रसिद्ध होता. लग्नपत्रिका छापणारे तो उसना नेत. निब कागदाला टेकली. पहिली रेघ निघाली ती करवतीच्या दात्यांसारखी. हे थांबले नाहीत. त्यांनी गाठ काढली, उभा दांडा ओढला, वेलांटी घेतली. दांडा मध्येच दोन ठिकाणी तुटला. वेलांटी जिथे वळायला हवी तिथे वळली नाही. भलतीकडे जाऊन कागदात रुतली, आणि तिथे शाईचे एक डबके झाले.

आम्ही तिघेही त्या अक्षराकडे पाहत राहिलो. पहिलीत बसलेल्या मुलीने काढला असता तर मी पुन्हा लिहून आण म्हटले असते.

“हेमलता काय म्हणत होती?” यांनी विचारले.

“काही नाही. उद्याची वेळ सांगायला आली होती.”

“खोटं बोलायला तुला अजून जमत नाही. छापलेलं तयार आहे ना?”

मी त्यांच्याकडे पाहिले.

“छापणारा माझा विद्यार्थी,” हे म्हणाले. “मागेच येऊन विचारून गेलाय. सर, बाईंच्या मानपत्राला कागद कुठला घेऊ, आणि वरचा ‘श्री’ केवढा ठेवू. मी म्हटलं, मोठा ठेव. बाई आमच्या लहानसहान नाहीत.”

“मग हे सगळं कशाला?” माझा आवाज चढला. “ठाऊक होतं तर हा एवढा खटाटोप कशाला केलात?”

ते नखांतली शाई टॉवेलने पुसत राहिले. बराच वेळ पुसत राहिले.

“कुणाकुणाची मानपत्रं लिहिली गं मी,” ते म्हणाले. “‘दानशूर’ लिहिलं, ‘निःस्पृह’ लिहिलं, ‘गोरगरिबांचे कैवारी’ लिहिलं. ज्यांच्याविषयी लिहिलं त्यांनाही वाचताना हसू यायचं. पण खोटं लिहिताना हात कधी हलला नाही बघ.” त्यांनी उजवा हात वर धरला. तो हवेत फडफडत होता. “एकदाच खरं लिहायचं होतं.”

मग त्यांनी तो कागद उचलला, त्यालाच निब पुसली, कागदाची चौघडी केली आणि शैलजापुढे टोपलीसाठी धरली. मला ‘थांबा’ म्हणायचे होते. तो शब्द मी आयुष्यात इतक्यांना, इतक्यांदा म्हटला आहे. त्या वेळी तो निघाला नाही. शैलजाने कागद घेतला. यांनी सिरिंज कोमट पाण्याने धुतली, पाणी स्वच्छ येईपर्यंत धुतली, आणि डबा बंद केला.

दुसऱ्या दिवशी सत्कार व्यवस्थित पार पडला. हार, श्रीफळ, शाल. छापील मानपत्र हेमलताने ठणठणीत आवाजात वाचले. वरचा ‘श्री’ खरोखर मोठा होता. चौकट हातात घेताना अध्यक्षांचे लक्ष माझ्या बोटांकडे गेले; शैलजाने लिंबू आणि मीठ चोळचोळूनही ती निळीच होती.

“बाई, बोटाला शाई?”

“मतदान करून आले,” मी म्हणाले.

“आज कुठलं मतदान?”

“आमच्या घरातलं.”

सभागृह हसले. टाळ्या झाल्या. हे पहिल्या रांगेत, फेटा बांधून बसले होते. सगळ्या टाळ्या थांबल्यावरही त्यांचे हात तेवढे थांबले नव्हते.

पुढच्या दिवाळीनंतर हे गेले. डबा कपाटाच्या वरच्या खणात आहे. त्याला अजून कोणी हात लावत नाही. मानपत्र मी शाळेला दिले. मुख्याध्यापकांच्या खोलीत ते खिडकीसमोर लावले आहे आणि उन्हाने त्यातली अक्षरे फिकट होत चालली आहेत, असे मागे हेमलता सांगत होती. दुसरे छापून घेऊ का, म्हणून उभ्याउभ्याच विचारत होती. मी नको म्हटले.

आता माझी नखे शैलजा कापते. परवा अंगणातल्या उन्हात माझा डावा हात मांडीवर घेऊन बसली होती. तर्जनीच्या पेरापाशी थबकली, अंगठा फिरवून पाहिला, मग पदराचे टोक ओले करून हलकेच पुसू लागली.

“आई, ठिपके अजून गेले नाहीत हे.”

“कातडीच्या आत आहेत ते,” मी म्हणाले. “उगीच पुसत बसू नकोस.”

“दुखतात का?”

“नाही.”

निळेकाळे आहेत, मोहरीएवढे. तर्जनीवर दोन शेजारी शेजारी, एक जरा खाली, आणि अंगठ्यावर एक. ओळ सरळ नाही. पण पुसट एकही झालेला नाही.

माझे जायचे दिवस आता लांब नाहीत. बांगड्या, बोरमाळ, सगळे काढून घ्या, असे मी शैलजाला बजावून ठेवले आहे. सासूबाईंना मी चांगली ओळखते. त्या तिथेही उंबऱ्यातच उभ्या असतील, आणि आधी माझे हात धरून उलटेपालटे करून पाहतील.

पाहू देत.